नव्या टीमसोबत आरसी टुरिंग कारच्या शर्यतीत उतरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींची, टीम जमून दोन वर्षं झाली. दोघे वाळूजच्या कारखान्यात नोकरीला आहेत, एक जालन्यात लेथ चालवतो, दोघे परभणीचे, एक नांदेडला अभियांत्रिकी शिकतोय आणि मी छत्रपती संभाजीनगरला शाळेत शिकवतो. मराठवाड्यात इतर ठिकाणीही चार-पाच जण एकत्र येऊन टीम करायचं म्हणतायत आणि फोनवर साधारण तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जिथे आम्ही चुकलो तिथे जास्त लिहिलंय, कारण तिथेच तुमचे पैसे आणि वेळ वाचतील.

टुरिंग कार म्हणजे नेमकी कोणती गाडी?

खऱ्या सेदान गाडीच्या एक दशांश आकाराची, विजेवर चालणारी, चारही चाकांना ताकद जाणारी, सपाट ट्रॅकवर पळणारी गाडी. रुंदी १९० मिलिमीटर, वजन बॅटरीसकट साधारण तेराशे ते साडेतेराशे ग्रॅम. पोट जमिनीपासून जेमतेम ५ मिलिमीटर वर असतं. त्यामुळे ही गाडी मातीत, गवतात, खडबडीत डांबरावर चालत नाही. यूट्यूबवर जी उड्या मारणारी, धूळ उडवणारी गाडी दिसते ती बगी, तिचा खेळ वेगळा आणि तोही सुंदर आहे. पण मातीचा ट्रॅक नीट ठेवायचा तर त्याला रोज पाणी मारावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. टँकरचं पाणी खेळाच्या ट्रॅकवर ओतायला आमचं मन धजलं नाही आणि आम्ही सिमेंटवर, मॅटवर पळणारी गाडी निवडली.

शर्यत तर प्रत्येकाची वेगळी असते, मग टीम कशाला?

खरं आहे. ट्रॅकवर रिमोट एकाच्याच हातात असतो, निकालही एकाच्याच नावाने लागतो. पण पाच मिनिटांची ती फेरी सोडली तर उरलेला सगळा दिवस पिटमध्ये, म्हणजे टेबलाशी जातो आणि तिथे एकटा माणूस कमी पडतो. तुमची गाडी मागनं सुटतेय की पुढनं ढकलतेय हे ड्रायव्हर जिथे उंचावर उभे राहतात त्या मंचावरून तुम्हाला जितकं कळतं त्याहून जास्त कोपऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिसतं. सस्पेन्शनचा हात मोडला आणि सुटा भाग पुण्याहून यायला पाच दिवस लागणार असतील, तर शेजारच्या डब्यात तो भाग असणं म्हणजे टीम.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वही. सात जणांनी सात संध्याकाळी केलेला सराव एकाच वहीत लिहिला गेला तर प्रत्येकाला सात संध्याकाळींचा अनुभव मिळतो. मोठ्या शहरातल्या ड्रायव्हरकडे पक्का ट्रॅक असतो, आठवड्यातून दोनदा सराव असतो. आपल्याकडे ते नाही. आपण त्यांच्या जवळ जाऊ शकतो ते फक्त याच वाटेने, हे मला दोन वर्षांत पटलंय. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ही वही येईल.

कोणत्या क्लासपासून सुरुवात करावी?

२१.५ टर्न किंवा १७.५ टर्नचा ब्रशलेस स्टॉक क्लास. टर्न म्हणजे मोटरच्या आत तारेचे किती वेढे आहेत तो आकडा. वेढे जितके कमी तितकी मोटर वेगवान आणि तितकी जास्त करंट ओढणारी. मॉडिफाइड क्लासमध्ये चार-साडेचार टर्नच्या मोटरी पळतात, त्या पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. स्टॉकमध्ये स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट देणारा डबा, ‘ब्लिंकी’ मोडवर ठेवावा लागतो, म्हणजे त्याने मोटरचं टायमिंग स्वतःहून वाढवायचं नाही. दिवा लुकलुकत राहतो, त्यावरून तपासणीच्या टेबलावर लगेच कळतं. बॅटरी, म्हणजे आमच्या भाषेत पॅक, दोन सेलची, ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर). मोटर आणि बॅटरी सगळ्यांची जवळपास सारखी असल्यामुळे या क्लासमध्ये चालवणाऱ्याचा हात आणि सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, दोन्ही उघडे पडतात. शिकायला याहून चांगली जागा नाही.

टीममधल्या सगळ्यांनी एकच गाडी घ्यायची का?

शक्य असेल तर हो. आमच्याकडे सुरुवातीला तीन कंपन्यांच्या चार गाड्या होत्या. एकाचा भाग दुसऱ्याला बसत नव्हता आणि एकाचं सेटअप दुसऱ्याच्या काही कामाचं नव्हतं. सहा महिन्यांनी सगळ्यांनी एकाच चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) यायचं ठरवलं, तेव्हा कुठे वहीला अर्थ आला.

अगदी नवख्या माणसाला आम्ही तामियाची टीटी-०२ सुचवतो. तामिया जपानची, १९७६ मध्ये पोर्शे ९३४ पासून रिमोटच्या गाड्यांत उतरलेली कंपनी. टीटी-०२ शाफ्टवर चालते, आतलं सगळं बंद असतं, त्यामुळे आपल्याकडच्या धुळीत टिकते. किटमध्ये प्लास्टिकचे बुश येतात, ते पहिल्याच दिवशी काढून ११ गुणिले ५ मिलिमीटरचे बॉल बेअरिंग बसवा. वर्षभर तिच्यावर हात बसला की मग कार्बन फायबरच्या, बेल्टवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीकडे वळा. थेट महाग गाडी घेऊन पहिल्याच महिन्यात भिंतीवर आदळणारे आम्ही पाहिलेत आणि त्यातले काही परत आलेच नाहीत. ते बघून वाईट वाटतं.

मराठवाड्यात ट्रॅक कुठे आहे?

पक्का, कायमचा ट्रॅक आमच्या हाताशी नाही. तो दर वेळी उभा करावा लागतो.

उघड्यावर सगळ्यात बरी जागा म्हणजे शाळा-कॉलेजचं सिमेंटचं बास्केटबॉल मैदान किंवा स्केटिंग रिंक. संध्याकाळी सहानंतर परवानगी मागा, लेखी मागा आणि निघताना मैदान आलं होतं त्याहून स्वच्छ करून द्या. दोन मोठे झाडू लागतात. काळ्या मातीची धूळ सिमेंटवर पावडरसारखी बसते. डोळ्यांना दिसत नाही, पण टायर तिच्यावर घसरतात. झाडून झालं की पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी एकाच रेषेवरून सावकाश गाडी फिरवायची. ती रेषा काळपट दिसायला लागली की समजायचं, ग्रिप आली.

पावसाळ्यात आम्ही मंगल कार्यालयात जातो. आषाढी ते कार्तिकी लग्नाचे मुहूर्त नसतात, हॉल रिकामे असतात आणि मालक दिवसाच्या भाड्यात घासाघीस करायला तयार होतात. फरशी फार निसरडी असते म्हणून मंडपवाल्याकडून मॅटचे रोल आणून अंथरतो आणि जोड रुंद चिकटपट्टीने दाबतो. हे मॅट स्वस्त आणि सोयीचं, पण त्याचे तंतू सुटतात आणि एक्सलभोवती गुंडाळतात. दर दोन पॅक संपल्यावर चिमट्याने काढले नाहीत तर बेअरिंग जाम होतं.

ट्रॅकच्या कडा आम्ही ठिबकच्या जुन्या लॅटरलने आखतो. १६ मिलिमीटरची काळी नळी कुठल्याही शेतकऱ्याकडे बंडलाने पडलेली असते. टायरचा धक्का लागला तर नळी दबते, पण गाडीचं काही मोडत नाही. ड्रायव्हरला उंचावर उभं राहायला ट्रॅक्टरची ट्रॉली लागते. गंमत नाही ही, उंची खरंच हवी. जमिनीवरून पलीकडच्या कोपऱ्यातली गाडी दिसते, पण ती नळीपासून चार बोटं दूर आहे की चार वीत, ते कळत नाही.

भेटायचं ठिकाण म्हणून आम्ही जालना धरलं. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड एकाच रेल्वेमार्गावर आहेत, प्रत्येकाला पॅसेंजरने येता येतं. तुमची टीम लातूर, बीड, धाराशिवची असेल तर आधी हा विचार करा. दर वेळी एकालाच लांब यावं लागलं तर तो माणूस चौथ्या महिन्यात येणं बंद करतो.

शर्यतीचा दिवस कसा असतो?

सकाळी तपासणी: वजन, रुंदी, बॅटरीचा व्होल्टेज. पॅक ८.४० व्होल्टच्या वर भरलेला चालत नाही. मग थोडा सराव. मग पात्रता फेऱ्या, बहुतेक ठिकाणी पाच-पाच मिनिटांच्या. गाडीत ट्रान्सपाँडर बसवलेला असतो, ट्रॅकखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून गाडी गेली की संगणक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक चक्कर, नोंदवतो. पात्रता फेरीत गाड्या एकामागून एक सोडतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं सुरू होतं. म्हणजे तुम्ही समोरच्या गाडीशी लढत नसता, घड्याळाशी लढत असता. मागून वेगवान गाडी आली तर तिला वाट द्या, त्यात कमीपणा नाही. पाच मिनिटं संपली की चालू असलेली लॅप पूर्ण करायची. निकाल असा लिहितात: २० लॅप, ५ मिनिटं ८ सेकंद. जास्त लॅप पुढे, लॅप सारख्या असतील तर कमी वेळ पुढे.

मग फायनल. पहिले आठ-दहा जण ए मेनमध्ये, पुढचे बी मेनमध्ये, असं. फायनलला सगळे एकत्र, पात्रतेच्या क्रमाने ग्रिडवर उभे असतात. बऱ्याच ठिकाणी तीन फायनल होतात आणि त्यातल्या चांगल्या दोन धरतात.

आमच्या गाड्या इतरांइतक्या वेगवान नाहीत. उतरून काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून आकड्यांतच सांगतो.

समजा एक लॅप १५ सेकंदांची आहे. पाच मिनिटांत २० लॅप. तुमच्यापेक्षा दर लॅपला ०.३ सेकंद वेगवान असलेला ड्रायव्हर शेवटी सहा सेकंद पुढे असतो. आता तो एकदा कडेला आदळला, गाडी उलटली, ट्रॅकवर त्यासाठीच उभ्या असलेल्या मार्शलने धावत येऊन सरळ केली, तर पाच ते आठ सेकंद गेले. म्हणजे त्याने चांगली मोटर, चांगले टायर, नवी बॅटरी यातून जे कमावलं ते एका धडकेत सपाट झालं. तुम्ही न आदळता पाच मिनिटं पुरी केली तर तुम्ही त्याच्या शेजारी आहात.

आमच्या पहिल्या बाहेरगावच्या शर्यतीत पहिल्या फेरीला आमच्या तीन गाड्या होत्या आणि एकच पूर्ण झाली. एकीचा पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, सैल झाला, कारण त्याच्या छोट्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं नव्हतं. दुसरीची बॅटरी पट्टीतून सरकली. दोन्ही आमच्याच चुका आणि दोन्ही आदल्या रात्री पाच मिनिटांत टळल्या असत्या. तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी एकाने दुसऱ्याची गाडी तपासायची असा आमचा नियम आहे. स्वतःची नाही, दुसऱ्याची. चाकांचे नट, पिनियन, बॅटरी, बॉडीच्या क्लिपा, सर्व्होचा, म्हणजे स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरचा, हॉर्न. स्वतःच्या गाडीतली चूक डोळ्यांना दिसत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही टीमचं एकच ध्येय ठेवलं होतं: सगळ्या गाड्या सगळ्या फेऱ्या पूर्ण करतील. वर्षअखेरीस क्रमांक आपोआप वर आले.

मार्शलिंग करावंच लागतं का?

हो, आणि मनापासून करावं लागतं. आपली फेरी झाली की पुढच्या फेरीला आपण ट्रॅकवर उभं राहायचं, हा जगभरचा रिवाज आहे. रिमोट टेबलावर ठेवा, बॅटरी नंतर चार्जला लावा, आधी आपल्या जागेवर जा. उलटलेली गाडी उचलण्याआधी येणाऱ्या गाड्यांकडे बघा. टायरला नाही, बॉडीला धरा. गाडी योग्य दिशेला तोंड करून ठेवा, पण चालत्या गाड्यांच्या पुढ्यात नको. कुणाची गाडी मोडली असेल तर बाजूला आणून ठेवा, ट्रॅकवर दुरुस्ती करत बसू नका. पायात बूट हवेत.

नव्या टीमला लोक पहिल्यांदा ओळखतात ते इथे. पुण्याकडच्या एका अनुभवी ड्रायव्हरची गाडी आमच्यातल्या धाकट्याने दोनदा झटक्यात सरळ करून दिली. संध्याकाळी ते स्वतःहून आमच्या टेबलाशी आले, “आण बाळा, तुझी गाडी बघू,” म्हणाले आणि अर्धा तास सेटअप समजावून गेले. तो अर्धा तास आमच्या वहीत चार पानं आहे.

सेटअपमध्ये सुरुवात कुठून करावी?

आधी सपाट जागा मिळवा. ग्रॅनाइटच्या दुकानात ओट्याचा उरलेला तुकडा मिळतो, दीड फूट गुणिले दोन फूट पुरतो. गाडी त्यावर ठेवा आणि चासी पिळलेली नाही ना ते बघा. पुढच्या बाजूला अगदी मध्यावर पातळ पातं घालून हळूहळू उचला. दोन्ही चाकं एकाच वेळी सुटली पाहिजेत. तसंच मागे. एक चाक आधी सुटलं तर गाडी एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वळणार, मग बाकीचं सगळं सेटअप व्यर्थ. धडकेनंतर वरच्या डेकचे स्क्रू सैल करून, चासी सपाट दाबून पुन्हा आवळले की बहुतेक वेळा पीळ जातो.

मग उंची, पुढे-मागे ५ ते ५.५ मिलिमीटर. उखडलेलं सिमेंट असेल तर थोडी जास्त. मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, दीड ते दोन अंश. मागच्या चाकांना टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली, तीन अंशांच्या आसपास, त्याने मागची बाजू स्थिर राहते.

आता वागणूक. गाडी वळणात पुढनं ढकलत बाहेर जातेय की मागनं सुटतेय, हे आधी ठरवा. परभणीचे आमचे मामा ट्रॉलीवरून ओरडायचे, “कामून वळंना ही?” आणि पाच मिनिटांत स्प्रिंग, तेल, टो, तिन्ही बदलून मोकळे व्हायचे. गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळायचं नाही. एका वेळी एकच बदल. बदल केला की किमान एक पूर्ण पॅक चालवा. मग वहीत लिहा: काय बदललं, आधी सर्वांत चांगली लॅप किती, आता किती आणि पाच मिनिटांची सरासरी किती. सरासरी फार महत्त्वाची. काही बदलांनी एक लॅप झळाळते आणि बाकी एकोणीस बिघडतात.

साधारण दिशा अशी. पुढनं ढकलत असेल तर पुढची स्प्रिंग नरम करा किंवा मागची कडक. मागनं सुटत असेल तर उलट. गॅस दिल्यावर मागची बाजू फिरत असेल तर ड्रूप (चाक खाली किती लोंबतं ते) आणि मागच्या डिफचं (डिफरन्शियलचं) तेल बघा. पण त्याही आधी टायर बघा. आमच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त ‘सेटअपच्या’ अडचणी शेवटी टायरच्या निघाल्या.

चॅम्पियन ड्रायव्हरची सेटअप शीट, म्हणजे त्याच्या गाडीच्या मापांचा कागद, जशीच्या तशी वापरली तर?

सुरुवात म्हणून ठीक, पण आंधळेपणाने नको. युरोपातली शीट बहुतेकदा बंद हॉलमध्ये, कार्पेटवर, वीस-बावीस अंशांत बनलेली असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीत चाळीस अंश असतात आणि सिमेंट त्याहून खूप जास्त तापतं. शॉकमधलं सिलिकॉन तेल तापलं की पातळ होतं. डब्यावर लिहिलेला सेंटिस्टोकचा, म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा, आकडा २५ अंशांवरचा असतो. म्हणजे शीटमध्ये ४०० लिहिलंय आणि तुम्ही ४०० घातलं, तरी उन्हात ते तुम्हाला त्याहून पातळ वागताना दिसेल. आम्ही उन्हाळ्यात ५० ते १०० ने घट्ट तेल घालतो. आणि एक, ‘डब्ल्यूटी’ आणि ‘सीएसटी’ (सेंटिस्टोक) ही घट्टपणाची वेगवेगळी मापं आहेत आणि प्रत्येक कंपनीचा डब्ल्यूटी वेगळा असतो. टीमने एकाच मापात लिहायचं ठरवा, नाहीतर वहीत गोंधळ होतो.

गरम देशातल्या ड्रायव्हरांच्या शीट शोधा. थायलंडमध्ये हा खेळ जोरात आहे. २००२ चा इफमारचा (आरसी गाड्यांच्या जागतिक संघटनेचा) विश्वविजेता सुरिकर्न चैदेजसुरिया तिथलाच आणि २००८ ची जागतिक स्पर्धा बँकॉकला झाली होती, ती जर्मनीच्या मार्क राइनहार्टने जिंकली. तिकडच्या लोकांनी उष्णतेत काय केलं ते आपल्याला जास्त उपयोगी पडतं.

गिअरिंग कसं ठरवायचं? मोटर जळेल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. हिशेब सोपा: स्परचे (पिनियन फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीचा आतला रेशो (आतल्या गिअरांचं प्रमाण). उदाहरणार्थ स्पर १००, पिनियन ४६, आतला रेशो १.९ असेल तर ४.१३ येतात. टीटी-०२ चा आतला रेशो २.६ आहे. किटमधल्या ७० आणि २२ दातांवर तो आकडा ८.२७ होतो. आकडा जितका लहान तितका सरळ रस्त्यावर वेग जास्त आणि मोटरवर ताण जास्त. शर्यतीच्या बेल्टच्या गाडीत १७.५ ब्लिंकीला चारच्या आसपास सुरुवात करतात, २१.५ ला त्याहून खाली.

फेरी संपल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचं तापमान घ्या, लगेच घ्या, दोन मिनिटांनी नाही. आमची मर्यादा ८० अंश आहे. फार तापलं तर रोटरचं चुंबक कायमचं कमजोर होतं, मोटर बाहेरून धडधाकट दिसते पण पळत नाही. मे महिन्यात हवाच चाळीसच्या वर असते, म्हणून हिवाळ्याच्या गिअरिंगवरून पिनियनचे एक-दोन दात कमी करतो. वेग किंचित जातो, मोटर राहते.

टायरचं काय?

टायर चाकावर चिकटवलेलेच येतात आणि शर्यतीत बहुतेक वेळा आयोजकांनी ठरवलेला एकच टायर सगळ्यांना वापरावा लागतो. काही टायरांवर २४, २८, ३२, ३६ असे आकडे असतात. आकडा मोठा म्हणजे जास्त तापलेल्या ट्रॅकसाठीचा टायर. आपल्याकडे वर्षातले आठ महिने मोठा आकडाच लागतो. ग्रिपसाठी टायरला लावायचं अ‍ॅडिटिव्ह चालतं की नाही, कोणतं चालतं, हे आधी विचारा. चालत असेल तर लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग कोरडं पुसा. ओला टायर ट्रॅकवर नेलात तर इतरांची ग्रिप तुम्ही बिघडवता. प्रत्येक सेटवर मार्करने लिहा, किती पॅक चाललाय. आणि टायर बंद डब्यात ठेवा, उन्हाने आणि धुळीने तो न चालवताही म्हातारा होतो.

बॅटरी आणि लोडशेडिंग?

लिपो बॅटरीशी हयगय नको. चार्ज होताना माणूस शेजारी पाहिजे, पॅक आग न लागणाऱ्या पिशवीत पाहिजे आणि चार्जर ‘बॅलन्स’वर पाहिजे. फुगलेला पॅक वापरू नका, ‘एवढी एकच फेरी’ म्हणूनसुद्धा नको. शर्यत नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेला पॅक आठवडाभर कपाटात ठेवला तर उन्हाळ्यात लवकर फुगतो. गाडीच्या डिकीत, मोटारसायकलच्या पेटीत, पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवू नका. आमचे दोन पॅक अशाच एका दुपारी गेले.

लाइट गेली तरी सराव थांबत नाही. बहुतेक हॉबी चार्जर १२ व्होल्ट डीसीवर चालतात, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीला थेट जोडता येतात. ६००० एमएएचचा दोन सेलचा पॅक म्हणजे साधारण ४४ वॉट-तास. १५० अँपिअर-तासाची बॅटरी त्याच्यापुढे फार मोठी आहे, एका संध्याकाळचे सगळे पॅक तिच्यावर आरामात होतात. फक्त धन-ऋण उलटं होऊ देऊ नका.

विमानाने जायचं झालं तर लिपो हातातल्या सामानातच न्यावी लागते, टोकं झाकून.

खर्च किती येतो?

गाडी आणि रिमोट एकदाच घ्यायचे, खरा खर्च टायर, मोडलेले भाग आणि प्रवास यांचा असतो. टीमने चार्जर, पॉवर सप्लाय, थर्मामीटर, ग्रॅनाइटचा तुकडा, सेटअपची मापं सामाईक घेतली तर मोठा भार हलका होतो. काही गोष्टी इथेच होतात. जालन्यातल्या आमच्या मित्राने पितळी वजनं आणि बंपरचे स्पेसर लेथवर करून दिले, वाळूजला सीएनसीवर एक-दोन तुकडे कापून मिळाले. बेअरिंग, स्क्रू, थ्रेडलॉक औद्योगिक वसाहतीच्या दुकानांत मिळतं. कर्ज काढून हा खेळ करू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

रिमोटला परवाना लागतो का?

२.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला, ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत, भारतात वेगळा परवाना लागत नाही. जुन्या क्रिस्टलच्या रिमोटसारखी एकमेकांच्या गाड्या भरकटण्याची अडचणही आता नाही.

मुलगा दहावीला आहे, मुलगी आठवीत आहे. त्यांना पाठवू का?

पाठवा आणि पहिल्या दिवशी तुम्हीही या. बारा-तेराव्या वर्षी हात फार लवकर बसतो. समोरून येणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग उलटं होतं, डावं उजवं वाटतं, त्यात मोठी माणसं महिनाभर अडकतात आणि मुलं दोन दिवसांत सुटतात. आमच्यातली सर्वांत कमी आदळणारी ड्रायव्हर परभणीच्या मामांची मुलगीच आहे, नववीत. परीक्षेच्या आधी महिनाभर आम्हीच मुलांना बोलवत नाही. बॅटरीचं चार्जिंग मात्र मोठ्यांच्या हातात.

मी आधी दुसऱ्या टीमसोबत होतो. तिथलं सेटअप इथे सांगायचं का?

तुम्ही स्वतः शोधलेलं खुशाल सांगा. त्यांनी विश्वासाने दाखवलेलं मात्र त्यांना विचारून. आणि जुन्या टीमशी बोलणं तोडू नका, पुढच्या शर्यतीत त्यांचाच माणूस तुमची गाडी उचलणार आहे. नव्या टीमला पहिले दोन महिने ऐका. प्रत्येक वाक्य ‘आमच्या तिकडे असं नव्हतं’ने सुरू झालं की माणसं मिटतात. आमच्यात एक दादा असेच बाहेरून आले. त्यांनी पहिल्या दिवशी काही सुचवलं नाही, वही मागितली आणि शेवटपर्यंत वाचली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलेला एक बदल आम्ही सगळ्यांनी केला.

वहीत नेमकं काय लिहिता?

तारीख, जागा, जमीन कसली, हवेचं आणि जमिनीचं तापमान, टायर कोणता आणि किती पॅक जुना, पिनियन-स्पर, मोटर किती तापली, केलेला एक बदल, चांगली लॅप, सरासरी, किती वेळा आदळलो. आणि शेवटी ड्रायव्हरच्या शब्दांत एक ओळ: ‘डावीकडे बरी, उजवीकडे मागनं सुटते.’ ही ओळ आकड्यांइतकीच कामाची असते. वाईट दिवस आधी लिहा. आम्ही सुरुवातीचे तीन महिने फक्त चांगले दिवस लिहिले आणि उन्हाळा आला तेव्हा मागच्या उन्हाळ्यात काय बिघडलं होतं ते कुणालाच आठवेना.

तुमच्याकडे येऊन एकदा बघता येईल का?

नक्की या. नळ्या अंथरायला तासभर आधी आलात तर बरं, ट्रॅक कसा बनतो ते तिथेच कळतं. गाडी नसली तरी चालेल, एका पॅकसाठी रिमोट आम्ही हातात देऊ. येताना बूट घालून या, दुसऱ्या फेरीला तुम्हाला मार्शलला उभं करणार आहोत.